सिमल्याचे पंचांग

‘डोंगरावर काय, बारमास गारवा! तेथे बसून केव्हाही काम करावे,’ असे म्हणणारा वर्ग २०२० सालानंतर फार वाढला आहे. त्यात संगणक मांडीवर घेऊन दूरच्या कचेरीची चाकरी करणारे तरुण आहेत, तसेच बदलीचे हुकूम काढणारे वरिष्ठही आहेत. सिमल्यात नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी माणसांस हे मत मुळातच चुकीचे वाटते.

१८६४ साली इंग्रजांनी सिमल्यास उन्हाळी राजधानी केली. एप्रिलच्या सुमारास सरकार वर चढे, ऑक्टोबरच्या सुमारास खाली उतरे. मैदानातल्या उन्हापासून पळणे एवढेच त्यामागचे धोरण होते. साहेब गेला, मे-जून म्हणजेच ‘सीझन’ ही त्याची समजूत मात्र आमच्या डोक्यात राहिली.

वस्तुतः हेच महिने सिमल्याच्या तहानेचे. झरे आटलेले आणि गर्दी शिगेस पोहोचलेली. २०१८ च्या मे महिन्यात नळ दिवसेंदिवस कोरडे राहिले. लोक टँकरची वाट पाहत उभे राहिले. ज्यास कामाची जागा आणि वेळ दोन्ही निवडण्याची मोकळीक आहे, त्याने नेमके तेव्हाच येऊन त्या रांगेत भर का घालावी?

मग पाऊस. जुलै-ऑगस्टात डोंगर सुटतो. १४ ऑगस्ट २०२३ रोजी समर हिलचे शिवमंदिर दरडीखाली गेले. वीस माणसे दगावली. जवळच १९०३ सालच्या लोहमार्गाचे रूळ, खालची जमीन वाहून गेल्याने, अधांतरी लोंबत राहिले. आणि आमचे बदलीचे हुकूम? ते बहुधा मे-जूनमध्ये, मैदानातल्या शाळांच्या सुटीच्या सोयीने निघतात. रुजू होण्याची मुदत, सामानाचा ट्रक आणि पहिली दरड यांची मग एकाच घाटात गाठ पडते. सिमल्याच्या शाळांची मोठी सुटी हिवाळ्यात असते, हे कोणी ध्यानातही घेत नाही.

सरकारी काम ऋतू पाहून चालत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे, टपाल, खजिना, लेखापरीक्षा बारा महिने चाललीच पाहिजे. परंतु बदली हे रोजचे काम नव्हे. तिची तिथी निसर्ग ठरवीत नाही, कचेरी ठरविते.

मराठी माणसास तरी हा विचार नवा नसावा. आमच्या फौजा पावसाळा छावणीत काढून दसऱ्यास सीमोल्लंघन करीत. कोकणातली गृहिणी आगोटीची बेगमी मिरगाआधी उरकते. हेच पंचांग येथेही लागू पडते. दसऱ्यानंतर आकाश निवळते, रस्ते मोकळे होतात. पाहुण्या नोकरदारांनी तेव्हा यावे. बदलीचे हुकूमही तेव्हाच निघावेत. एकट्याने लगेच रुजू व्हावे, लेकुरवाळ्यास मार्चपर्यंत मुदत मिळावी. येथे राहणाऱ्याने बेगमी मात्र दोनदा करावी: जूनमध्ये पावसाची, नोव्हेंबरात बर्फाची. बर्फाने वीज गेली की मांडीवरचा संगणक आणि अंगणातला धोंडा यांत फारसा फरक उरत नाही.

यात सरकारास एका पैचाही जादा खर्च नाही. हुकुमावरील तारीख तेवढी बदलावयाची आहे. ती बदलून घेण्यासाठी पहाडी मुलखांतील आमच्या बांधवांनी एकमुखाने अर्ज करावेत. दरड कोसळल्यावर केलेल्या अर्जाचा काय उपयोग?