कूलंट आणि उचंत खाते

वैशाखातील दुपार. हापूसच्या पेट्यांनी भरलेली एक पिकअप गाडी रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघाली आहे. साखरपा मागे पडते, आंबा घाटाचा चढ समोर येतो आणि चढ लागण्यापूर्वी मालक गाडी सावलीत उभी करून चहा घेतो. मालक आणि चालक एकच. चहा झाल्यावर वडिलांच्या काळापासून चालत आलेल्या सवयीने तो बॉनेट उघडतो. कूलंटच्या पांढरट टाकीवर दोन रेषा कोरलेल्या असतात. पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेलेली दिसते. आसनामागील पाण्याचा कॅन बाहेर येतो, इंजीन थोडे निवल्यावर टाकी भरली जाते आणि गाडी घाटाला लागते. महिन्याभरातील ही तिसरी वेळ. गाडीचे वय अकरा महिने, आणि तिच्या कर्जाचे चार वर्षांहून अधिक हप्ते अद्याप शिल्लक आहेत.

या प्रसंगात कोणालाही काही विशेष वाटत नाही, हीच खरी चिंतेची बाब होय. ‘पाणी कमी झाले, पाणी टाकले’ एवढ्यावर विषय संपतो. ही सवय आली कोठून, हेही समजून घेतले पाहिजे. एके काळच्या जीप व मालमोटारी पाणी खरोखरच पीत असत. वाफ निघून जाई, जोडांतून थेंब गळत आणि घाटमाथ्यावर थांबून रेडिएटर भरणे हा प्रवासाचाच भाग असे. त्या पिढीतील चालकांचे वागणे त्या वाहनांच्या दृष्टीने अगदी योग्य होते. आजच्या वाहनाची शीतकरण व्यवस्था मात्र बंदिस्त असते. डिझेल जळते, इंजिनातील तेलही थोडेफार जळू शकते. परंतु कूलंट जळत नाही, खर्ची पडत नाही. ते इंजिनाभोवती फिरते, उष्णता उचलते, रेडिएटरमध्ये ती सोडते आणि पुन्हा फेरीला निघते. तेव्हा ते कमी झाले असेल, तर कोठेतरी गेलेले असते.

बँकेच्या कामकाजाशी परिचित असणाऱ्यांना हा विचार नवा वाटू नये. दिवसअखेर रोकड जुळली नाही, तर तफावत तात्पुरती उचंत खात्यात टाकता येते. पण ती तेथेच मुरू देणे कोणताही शाखाधिकारी खपवून घेत नाही. नोंद शोधावी लागते आणि खाते शून्यावर आणावे लागते. कारण न शोधता टाकीत पाणी ओतणे म्हणजे प्रत्येक वेळी नवी रक्कम उचंत खात्यात टाकणे होय. येथे फरक इतकाच की हे खाते तपासायला कोणी लेखापरीक्षक येत नाही. एके दिवशी थेट इंजीनच जाम होते.

मग निदान करावे कसे? पहिली गोष्ट म्हणजे पातळी नेमकी पाहणे. सपाट जागी, इंजीन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी पाहिलेली पातळीच प्रमाण मानावी. तापलेले कूलंट प्रसरण पावते, त्यामुळे प्रवासातील पातळी फसवी असते. गाडी अगदी नवी असेल किंवा नुकतेच कूलंट बदलले असेल, तर आत अडकलेली हवा बाहेर पडून पातळी एकदा थोडी उतरते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. वरच्या रेषेपर्यंत योग्य कूलंट भरावे, किलोमीटरचा आकडा आणि भरलेले प्रमाण वहीत लिहावे. हजारभर किलोमीटरनंतर पातळी तेथेच असेल, तर विषय मिटला. ती पुन्हा उतरली, तर गळती आहे असे समजूनच पुढे जावे.

गळती दिसत नाही, म्हणून ती नाही, असा समज सर्वत्र आढळतो. गाडीखाली ओल दिसली तर ती प्रथम बोटाने तपासावी. वातानुकूलन यंत्रातून पडणारे पाणी स्वच्छ व गंधहीन असते. कूलंट रंगीत, बोटांना बुळबुळीत लागणारे आणि किंचित गोडसर वासाचे असते. परंतु तापलेल्या भागावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचतोच असे नाही. तो वाळतो आणि मागे रंगीत किंवा पांढुरका डाग ठेवतो. रबरी नळ्यांची तोंडे व त्यांवरील क्लिपा, वॉटर पंपाखालचे छोटे छिद्र, रेडिएटरचा ॲल्युमिनियमचा गाभा जेथे प्लास्टिकच्या टाकीला जोडलेला असतो तो सांधा, ही अशा डागांची नेहमीची ठिकाणे. हीटर असलेल्या गाडीत पायाखालचा गालिचा ओला होणे आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुके धरणे, ही केबिनमधील गळतीची खूण होय.

टाकीच्या झाकणाकडे तर कोणी पाहतच नाही. वास्तविक ते केवळ झाकण नसून दाब राखणारी झडप असते. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पाणी आणि ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे १०७ अंशांना. या मिश्रणावर झाकणाने साधारण १ बार जादा दाब धरून ठेवला, की तेच मिश्रण १२५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल झाली, की हा दाब राहत नाही, घाटात कूलंट उकळते आणि वाटेतच बाहेर फेकले जाते. नळी शाबूत, रेडिएटर शाबूत, पंपही शाबूत. तरीही टाकी रिकामी. ज्या गाड्यांत रेडिएटरला स्वतंत्र झाकण असते, त्यांत उलटा चकवाही घडतो. झाकण परत ओढून घेण्याचे काम करीत नाही आणि बाजूची टाकी भरलेली दिसत असताना रेडिएटर मात्र कोरडा पडत जातो.

डोळ्यांनी काही सापडले नाही, तर दाबचाचणी करवून घ्यावी. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब दिला जातो. काटा स्थिर राहिला तर व्यवस्था निर्दोष. तो खाली येऊ लागला तर गळती कोठेतरी आहेच. हे उपकरण साधे आहे, चाचणीला फारसा वेळही लागत नाही. तरीसुद्धा ग्राहकाने मागितल्याशिवाय ती क्वचितच केली जाते. कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली माग काढण्याचीही सोय असते.

बाहेर काहीच सापडले नाही, तर प्रकरण गंभीर होय. हेड गॅस्केट बिघडले असेल तर टाकीत बुडबुडे येतात, थंड इंजीन सुरू करताच नळी दगडासारखी कडक होते, आणि कधी तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या डिझेल गाड्यांबाबत आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते. धुरातील प्रदूषण कमी करण्यासाठी निकास वायूचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडला जातो, आणि त्याला थंड करणारा ईजीआर कूलर याच कूलंटवर चालतो. त्याला आतून तडा गेला तर कूलंट जमिनीवर न पडता वायूच्या मार्गात जाते. थेंब नाही, डाग नाही. फक्त गोडसर वासाचा पांढरा धूर आणि उतरत जाणारी पातळी. जुन्या अनुभवाच्या बळावर ‘गळत तर काही नाही’ असे सांगणाऱ्या कारागिराची चूक येथेच होते.

काट्यावर विसंबणेही तितकेच घातक. बहुतेक गाड्यांत तो काटा तापमान बरेच बदलले तरी मध्यावरच राहावा, अशी रचना असते. शिवाय तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल, तोवरच त्याचे सांगणे खरे. पातळी फार उतरून तो हवेत उघडा पडला, तर इंजीन भाजत असतानाही काटा शांत राहू शकतो. पातळीचा स्वतंत्र इशारा देणारा दिवा प्रत्येक गाडीत असतोच असे नाही.

आणीबाणीत साधे पाणी टाकूच नये, असा हट्ट मात्र नको. घाटात, रानात, रात्रीच्या वेळी इंजीन वाचविण्यासाठी मिळेल ते स्वच्छ पाणी टाकावे, पण झाकण गरम असताना उघडू नये. आतील दाबाखालचे कूलंट उसळून चेहरा व हात भाजतात. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याचा धोका असतो. गावी पोहोचताच योग्य मिश्रण करवून घ्यावे. विहिरीच्या किंवा नळाच्या जड पाण्यातील क्षार आतल्या मार्गांत बसतात, आणि मिश्रण पातळ झाल्याने गंजरोधक द्रव्यही निष्प्रभ होते. रंग पाहून कूलंट निवडणे हाही भ्रमच, कारण रंगांना कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. वाहनाच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच ग्राह्य मानावा. जाता जाता एक सूचना : उरलेले कूलंट पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते.

आता हिशेबाची बाजू. इंजीन तापून जाम झाले, तर विमा आहेच, अशी बहुसंख्य कर्जदारांची समजूत असते. मोटार विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत यांत्रिक बिघाड व झीज यांना संरक्षण नसते. इतकेच नव्हे, दगड लागून रेडिएटर फुटला, तर तो अपघात ठरून रेडिएटरची भरपाई मिळू शकते. पण दुरुस्ती न करता गाडी तशीच पुढे चालविल्याने इंजीन गेले, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या जोखमीवर असते. राहिली वॉरंटी. तेथे प्रश्न विचारला जातो तो निष्काळजीपणाचा. ‘नव्या गाडीत एवढे कमी व्हायचेच’ असे तोंडी सांगून सेवाकेंद्राने दोनदा टाकी भरून दिली आणि कागदावर काहीच नसले, तर तिसऱ्या वेळी ग्राहकाच्या हाती पुरावा काय? म्हणूनच प्रत्येक भेटीत ‘कूलंटची पातळी वारंवार कमी होते’ ही तक्रार जॉब कार्डावर त्याच शब्दांत लिहून घेतली पाहिजे, दाबचाचणीची लेखी मागणी केली पाहिजे आणि प्रत जपली पाहिजे.

पिकअप हे व्यावसायिक वाहन असल्याने ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, हाही असाच एक गैरसमज. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार स्वयंरोजगाराद्वारे केवळ उपजीविका मिळविण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर व्यापारी प्रयोजनात धरला जात नाही. स्वतःची एकच गाडी स्वतः चालवून पोट भरणारा मनुष्य या तरतुदीचा आधार घेऊ शकतो. तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

बँकांनीही येथे आत्मपरीक्षण करावयास हवे. वाहनकर्जाच्या प्रस्तावात डिझेल, टायर, विमा, कर या सर्वांचे आकडे मांडले जातात. देखभाल मात्र एका ढोबळ रकमेत उरकली जाते. पाहणीसाठी जाणारा अधिकारी गाडी जागेवर आहे ना, चेसिस क्रमांक जुळतो ना, एवढे पाहून परततो. त्याने देखभालीची वही मागितली, तर त्याची पाच मिनिटे जातील. इंजीन दीड महिना कार्यशाळेत पडून राहिले, की भाडे बंद होते, हप्ता मात्र थांबत नाही. आणि थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली, की खाते अनुत्पादक ठरते. वसुलीच्या नोटिशीत कूलंटचा उल्लेख कधीच नसतो, पण अनेकदा आरंभ अशाच एखाद्या दुर्लक्षित थेंबापासून झालेला असतो. मंजुरीपत्रासोबत देखभालीची एक साधी नोंदवही देणे कोणत्याही शाखेला अवघड नाही.

आंबा घाटातील त्या पिकअपच्या बाबतीत तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्यावर मालकाने जॉब कार्डावर तक्रार लिहून घेतली आणि दाबचाचणीचा आग्रह धरला. काटा हळूहळू खाली आला. रेडिएटरच्या वरच्या टाकीच्या सांध्यावर, पट्टीच्या आड, एक थेंब जमला. तापल्यावर तो दर वेळी वाळून जात असे, म्हणून खाली कधी ओल दिसली नव्हती. रेडिएटर वॉरंटीत बदलून मिळाला. पुढच्या हंगामापर्यंत वहीत पातळीच्या रकान्यात एकच नोंद पुन्हा पुन्हा येत राहिली. पाण्याचा कॅन अजूनही आसनामागेच असतो. चहाच्या थांब्यावर त्यातून हातपाय धुतले जातात.