स्पर्धेची तारीख आणि घोट्याचे पंचांग

घरातल्या नातवाची आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा आठवड्यावर आली आहे. उडी मारून खाली येताना त्याचा पाय दुसऱ्या खेळाडूच्या बुटावर पडतो आणि घोटा आत वळतो. संध्याकाळपर्यंत पाऊल सुजून जड होते. रात्री जेवताना घरात एकच प्रश्न असतो, ‘रविवारपर्यंत बरा होईल ना?’ या प्रश्नाला वडीलधाऱ्यांनी काय उत्तर द्यावे, आणि तोच प्रसंग स्वतःच्या पायावर आला तर काय करावे, याचा विचार आज करू.

मोठ्या खेळाडूंनाही हा प्रश्न सुटलेला नाही. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना चालू होता. हार्दिक पंड्याने आपल्या पहिल्याच षटकात लिटन दासचा फटका पायाने अडवण्याचा प्रयत्न केला, तोल गेला आणि डावा घोटा मुरगळला. त्याचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. प्रारंभी काही दिवसांचीच बाब वाटत होती. परंतु ४ नोव्हेंबरला तो संपूर्ण स्पर्धेबाहेर गेल्याचे जाहीर झाले. मैदानावर परतायला त्याला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला, तोही नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील स्पर्धेत. पुढे २९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथे टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक टाकण्यासाठी चेंडू त्याच्याच हाती देण्यात आला आणि भारत ७ धावांनी जिंकला. ऑक्टोबरमध्ये हट्टाने खेळला असता तर ते षटक त्याच्या वाट्याला आले असते की नाही, कोण सांगणार?

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतले आहे. ड्यूक विद्यापीठाचा अठरा वर्षांचा बास्केटबॉलपटू कूपर फ्लॅग १३ मार्च २०२५ रोजी चेंडू झेलून खाली येताना डाव्या घोट्यावर पडला. त्याला चाकाच्या खुर्चीतून आत न्यावे लागले. राष्ट्रीय स्पर्धा अवघ्या आठवड्यावर होती. त्याला प्रादेशिक स्पर्धेच्या उपांत्य व अंतिम दोन्ही सामन्यांत बसवून ठेवले गेले, आणि संघाने ती स्पर्धा त्याच्याशिवाय जिंकली. २१ मार्चला राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात तो खेळला.

एकाला आठ दिवस, दुसऱ्याला चार महिने. दोघांकडेही उत्तम डॉक्टर होते, जिद्दही होती. फरक दुखापतीत आणि ती भरून येण्याच्या वेगात होता. स्पर्धेची तारीख कॅलेंडरवर छापलेली असते. घोट्याचे पंचांग मात्र वेगळे असते.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना बांधून ठेवणारे तीन अस्थिबंध म्हणजे लिगामेंट असतात. आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद व भक्कम. बाहेरचे त्यामानाने नाजूक. म्हणून पाऊल बहुधा आत वळते आणि बाहेरची बाजू ताणली जाते. नुसता ताण असेल तर एक ते तीन आठवडे, अर्धवट फाटले असेल तर साधारण तीन ते सहा आठवडे, आणि पूर्ण तुटले असेल तर काही महिने लागतात. सूज व वेदना आधी ओसरतात, अस्थिबंधाची ताकद मागाहून येते. ‘आता दुखत नाही’ आणि ‘आता बरे झाले’ ही दोन वाक्ये म्हणूनच एक नव्हेत.

आणखी एक गोष्ट. या अस्थिबंधांत सूक्ष्म मज्जातंतू असतात. पाऊल कोणत्या कोनात आहे, याची वर्दी ते मेंदूला देतात. दुखापतीनंतर ही वर्दी उशिरा पोहोचते, स्नायू वेळेवर सावरत नाहीत आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. घाईने खेळायला उतरलेल्या मुलाचा घोटा ‘सारखा वळतो’, याचे एक मोठे कारण हेच. तोल सावरण्याचे व्यायाम केल्यास पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

आता प्रश्न एक्स-रेचा. १९९२ साली कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी यासाठी सोपे नियम मांडले. घोट्यापाशी दुखत असून पुढीलपैकी काहीही आढळले तर एक्स-रे काढावा: आतल्या वा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकाशी दाबल्यावर दुखणे, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यातही चार पावले टाकता न येणे, मग ती लंगडत का असेनात. पावलाच्या मध्यभागी, करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या मुळाशी किंवा आतल्या बाजूच्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखत असेल तरीही एक्स-रे हवा.

हे नियम तरुणांना चांगले लागू पडतात. वयस्कर माणसांनी मात्र त्यांच्या भरवशावर घरी थांबू नये. हाडे ठिसूळ झालेली असतील तर साध्या मुरगळण्यातही हाडाला चीर जाते आणि माणूस त्यावर चार पावले चालूनही दाखवतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर वेदना हा निकषच फसवा ठरतो. अशा पायाला किरकोळ मार लागून तो लाल, गरम व सुजलेला दिसला, तर दुखत नसतानाही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करावे? १९७८ साली अमेरिकेतील डॉक्टर गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चतुःसूत्री लोकप्रिय केली. पुढे त्यांनी स्वतःच बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांविषयीचे आपले मत बदलले. आजचा व्यवहार्य सल्ला असा: पाय उशीवर उंच ठेवावा, क्रेप बँडेज बांधावे, पण बोटे थंड किंवा निळसर पडणार नाहीत इतपतच, दुखणे कमी करण्यासाठी कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे चालेल, मात्र संवेदना कमी असलेल्या पायावर तो नको. सुरुवातीला गरम शेक आणि चोळून मालीश टाळावी. आंबेहळदीच्या लेपाने बहुधा अपाय होत नाही; पण लेप लावला म्हणून एक्स-रे लांबवू नये. हाड मोडलेले नाही हे कळले की वेदना सोसवेल तितपत पाऊल वर-खाली हलवणे आणि थोडे थोडे चालणे सुरू करावे. महिनाभर पलंगावर पडून राहणे हा उपचार नव्हे.

वेदनाशामक गोळ्यांविषयी ज्येष्ठांना विशेष विनंती. नातवाच्या पाकिटातली गोळी आपण घेऊ नये. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, पोटातला व्रण किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर त्या गोळ्या महागात पडू शकतात. तसेच पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर ती रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. तेव्हा क्षणाचाही विलंब नको.

आपल्या नागपुरात घोटा मुरगळायला बास्केटबॉलचे मैदानच लागते असे नाही. उन्हाळ्यात कूलरमधून झिरपलेले पाणी फरशीवर येते, सिमेंटच्या रस्त्याची कडा बाजूच्या जमिनीहून उंच राहते, पहाटे फुटाळ्यावर फिरताना अंधारात खड्डा दिसत नाही. तरुणाचा घोटा कच्चा राहिला तर एक मोसम जातो. वृद्धाचा कच्चा राहिला तर पुढचे पडणे खुब्याच्या हाडावर येऊ शकते. म्हणून बरे झाल्यावर भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून, सोबत कोणी असताना, दहा सेकंद एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. मागून उघडी चप्पल सोडून टाच धरून ठेवणारी पादत्राणे वापरावीत.

आता पुन्हा जेवणाच्या ताटाशी. नातवाला ‘आमच्या वेळी असल्या मुरगळण्याला कोणी विचारत नसे’ असे म्हणू नका. आणि ‘आता खेळणे बंद’ असेही नको. पहिल्या वाक्याने तो लंगडत मैदानावर जातो, दुसऱ्याने दुखणे लपवू लागतो. त्याला एवढेच विचारा: दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उभा राहतोस का? त्या एकाच पायावर उडी मारून न डगमगता खाली येतोस का? पळता पळता एकदम दिशा बदलता येते का? तिन्हींना वेदनेविना ‘हो’ आले आणि फिजिओथेरपिस्टनेही मान डोलावली, तर पट्टा बांधून खुशाल खेळू द्या. एकालाही ‘नाही’ आले, तर रविवारी त्याच्या शेजारी प्रेक्षकांत बसा. बाहेर बसावे लागलेल्या मुलाला त्या दिवशी उपदेशापेक्षा सोबत हवी असते, आणि ती देण्यासाठी आजी-आजोबांइतका निवांत वेळ घरात दुसऱ्या कोणाकडे असतो?