ठोंब फोडायची वेळ

मृगाच्या सरी पडल्या की रोपवाटिकांमध्ये गवती चहाची विचारणा सुरू होते. गेल्या पावसाळ्यात मीही एका रोपवाटिकेतून पिशवी आणली. पात हिरवीगार, दीड हात उंच. घरी पिशवी फाडली, तर जारवा गोल फिरून विटेसारखा घट्ट झालेला, आणि ठोंबाच्या मधले फुटवे वाळून पोकळ. जिवंत होते ते कडेचे सहा. पैशांचं सोडा, असा ठोंब ज्यांनी तसाच कुंडीत लावला असेल, त्या घरांचं मला वाईट वाटलं. ‘आमच्याकडे गवती चहा येत नाही’ असं म्हणून ती मंडळी कायमची थांबतात.

आपल्या परसातला हा चहा सहसा फुलत नाही, म्हणून बीही धरत नाही. सगळी भिस्त फुटव्यावर. नवे फुटवे बाहेरच्या अंगाला येतात, ठोंब दरवर्षी मातीतून थोडा वर उचलला जातो आणि मधला भाग लाकडासारखा होतो. तीन वर्षांनी तो उकरून फोडायलाच हवा. हे काम आपलं, रोपवाटिकावाल्यांचं आहे, गिऱ्हाइकाचं नाही.

पात 15 ते 20 सेंटिमीटरवर छाटा. बुडाची वाळकी पापुद्र्यासारखी पानं सोलून काढा, म्हणजे मुळं फुटायची कडी उघडी पडते. जुना जारवा कापून टाका. पिशवीत दोन-तीन ताजे फुटवे पुरेत. ती पिशवी बोडकी दिसते, गिऱ्हाईक नाक मुरडतं, तेव्हा दोन वाक्यं बोलायचा कंटाळा करू नका. खोल लावू नका, पाणी साचू देऊ नका, जमिनीत दोन ठोंबांत दोन फूट अंतर ठेवा, हेही तेव्हाच सांगा.

आणि पात चोळून वास घ्या. बुंधा लालसर आणि वास उग्र असेल, तर ते सिट्रोनेला. डासांसाठी ठीक, चहात नको. गवती चहाच्या तेलात साधारण 70 ते 80 टक्के सिट्रल असतं. लिंबाचा तो वास त्याचाच.

परदेशी राहणाऱ्या वाचकांनी कुंडी थंडीत घरात घ्यावी. हिमकडाका याला सोसत नाही. इथे मात्र ठोंब फोडून लावायला आषाढ संपेपर्यंत सवड आहे. पहिली कापणी तीन महिन्यांनी, जमिनीपासून चार बोटं बूड राखून, धारदार विळ्यानं. ओढून तोडली तर पात बोट चिरते आणि फुटवाही उपटून येतो.