निकषात 'पुरुष' हा शब्द नव्हता

हौशी अवकाशप्रेमींच्या बैठकांना स्त्री-संघटनेच्या कार्यकर्तीने कशाला जायचं, असं मला दोन्ही बाजूंनी विचारून झालंय. अवकाशप्रेमींनी अदबीने विचारलं, आपल्याच मैत्रिणींनी जरा तिरकसपणे: "पोटगीच्या केसेस पडल्यात आणि तू रॉकेटच्या गप्पा ऐकायला जातेस?" जाते. तुम्हीही जावं, म्हणून हे लिहिते आहे.

महाराष्ट्रात या हौसेची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. आता तालुक्याच्या गावीही शिक्षक, बँकेतले कर्मचारी, इंजिनिअरिंगची मुलं दुर्बिणीभोवती जमतात. आकाश बघून झालं की वाद सुरू होतो. माणूस पाठवावा की यंत्र? खासगी कंपन्यांना किती मोकळीक द्यावी? चंद्रावरच्या खनिजांवर मालकी कोणाची? वाद अभ्यास करून घातलेले असतात, इंधनाचे प्रकार आणि वजनाचे आकडे सगळ्यांना तोंडपाठ. मी ऐकलेल्या एका बैठकीत 'गगनयान'वर दीड तास चर्चा झाली. अंतराळवीरांच्या निवडीचा विषय मात्र दोन मिनिटांत मिटला. "निकषांप्रमाणे झाली," एवढंच.

तर हे निकष बघू. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी चार नावं जाहीर झाली. चौघेही हवाई दलातले, चौघेही पुरुष. निवड झाली ती चाचणी-वैमानिकांमधून, म्हणजे नवी विमानं पहिल्यांदा उडवून बघणाऱ्यांमधून. आपल्या हवाई दलात लढाऊ विमानांवर पहिल्या तीन मुली दाखल झाल्या त्या २०१६च्या जूनमध्ये. अनुभवाची वर्षं गाठीशी बांधून चाचणी-वैमानिक व्हायला त्यांना वेळ तरी कुठे मिळाला? निकषात 'पुरुष' हा शब्द कुठेही लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच नव्हती. जातपंचायतीपासून साखर कारखान्याच्या संचालक मंडळापर्यंत ही रीत आपल्या चांगल्या ओळखीची आहे. दार उघडंच असतं, उंबरठा तेवढा उंच करून ठेवलेला असतो.

बाई मात्र यानात आहे! २०२०च्या जानेवारीत बंगळुरूमध्ये 'व्योममित्र' दाखवली गेली. चेहरा बाईचा, आवाज बाईचा, पाय नाहीत. माणसं बसण्याआधीच्या मानवरहित उड्डाणात जाऊन यंत्रणा तपासायचं काम तिचं. माणसाआधी यंत्र पाठवणं शहाणपणाचंच आहे, त्याला माझी हरकत नाही. पण चाचणीच्या बाहुलीला बाईचं रूप द्यायचं आणि खुर्चीसाठीचे निकष असे ठेवायचे, ही जोडी कोणाच्याच डोळ्यांत खुपली नाही? बैठकीतले एक गृहस्थ म्हणाले, "हा तर स्त्रीशक्तीचा सन्मान." मंगळयान २०१४ साली कक्षेत पोचलं तेव्हा साडी नेसून, गजरे माळून आनंद करणाऱ्या बायकांचा फोटो घरोघर गेला, तोही असाच सन्मान म्हणून. २०१९च्या 'चांद्रयान-२'च्या प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहिमेच्या संचालक रितू करिधाल होत्या. म्हणजे कामाला बायका आहेतच.

हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. अमेरिकेत १९६०-६१मध्ये अंतराळवीरांना दिलेल्या वैद्यकीय चाचण्या एका डॉक्टरांनी खासगीरीत्या बायकांना दिल्या. तेरा जणी उत्तीर्ण झाल्या. तिथेही अट होती जेट विमानांच्या चाचणी-वैमानिकाची, आणि त्या नोकऱ्या बायकांना बंद. १९६२ साली प्रकरण संसदेच्या समितीपुढे गेलं. बायका या क्षेत्रात नाहीत ही समाजव्यवस्थेची वस्तुस्थिती आहे, अशा अर्थाची साक्ष खुद्द जॉन ग्लेन यांनी दिली. पुढच्याच वर्षी रशियाने व्हॅलेंटिना तेरेश्कोवाला पाठवलं. ती कापडगिरणीतली कामगार होती आणि पॅराशूटच्या उड्या हौसेने शिकली होती. (हौशी मंडळींनी तिची तसबीर लावायला हरकत नाही.) अमेरिकेने १९७८मध्ये वैमानिक नसलेल्या शास्त्रज्ञांसाठीही जागा ठेवल्या, आणि त्या वर्षी सहा जणी निवडल्या गेल्या.

नुसती निवड होऊनही भागत नाही. २०१९च्या मार्चमध्ये दोन बायका एकत्र अंतराळस्थानकाबाहेर काम करणार होत्या. मापाचे दोन पोशाख वेळेत तयार नव्हते, म्हणून बेत बदलला. ऑक्टोबरमध्ये तो पार पडला.

किरणोत्साराचं प्रकरण तर कामगार चळवळीतल्या मैत्रिणींनी मुद्दाम वाचावं. कॅन्सरने मृत्यूचा धोका तीन टक्क्यांहून जास्त वाढू नये, असा नासाचा जुना नियम होता. बायकांना हा धोका अधिक मानला जाई, म्हणून त्यांची आयुष्यभराची मर्यादा कमी, म्हणजेच अंतराळात राहायचे दिवसही कमी. २०२२मध्ये वय आणि लिंग न बघता सर्वांना ६०० मिलिसिव्हर्ट ही एकच मर्यादा ठरली. १९४८च्या कारखाने कायद्यातली बायकांच्या रात्रपाळीवरची बंदी आठवते ना? संरक्षणाच्या नावाखाली संधी जाते ती अशी. अर्थात समान आकडा लिहिला म्हणून शरीरावरचा धोका समान होत नाही. बायकांच्या शरीराची माहिती नीट जमवा, ती तिच्यासमोर ठेवा आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्या, एवढी मागणी तरी आपली असावी.

आता "आधी पाणी द्या, मग चंद्र" या आपल्या आवडत्या उत्तराविषयी. गगनयानाला २०१८ साली सुमारे १०,००० कोटी मंजूर झाले. २०२४च्या सप्टेंबरात अंतराळस्थानकाचा पहिला भाग धरून आकडा २०,१९३ कोटींवर गेला. खर्चाचा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तो बाहेर उभं राहून नको. १९७५-७६मध्ये याच इस्रोने उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत शेती-आरोग्याचे दूरदर्शन कार्यक्रम पोचवले. पुढे पिण्याच्या पाण्याच्या मोहिमेत उपग्रहाच्या चित्रांवरून भूजलाचे नकाशे तयार झाले. हंडा आणि उपग्रह यांचं नातं त्यांच्याच दप्तरात नोंदलेलं आहे. अवकाश कार्यक्रमाचं तोंड गावाकडून माणूस पाठवण्याकडे वळलं तेव्हा हौशी मंडळी म्हणाली, "दोन्ही हवं." कोणाला किती आणि कोणाच्या आधी, हे विचारायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

त्या बैठकीत तीसेक माणसं होती. बायका चार, त्यांतल्या दोघी पोह्यांच्या व्यवस्थेत. आकाशदर्शन गावाबाहेरच्या टेकडीवर, रात्री नऊ ते पहाटे. शेवटची एसटी साडेआठची, वर संडास नाही. मुली येत नाहीत याचं कारण त्यांच्या मते "आवड नाही". आम्ही सुचवलं, पुढचं आकाशदर्शन मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर करा आणि नंतरच्या चर्चेचा विषय ठेवा: अंतराळवीर निवडायचे निकष. थोडी कुरकुर झाली, गच्चीवरून गावातल्या दिव्यांचा त्रास होतो म्हणे, पण तयार झाले. यादीत आतापर्यंत अकरा मुलींची नावं आहेत. त्यांतल्या सहा जणींच्या घरून होकार यायचा आहे. त्यासाठी या आठवड्यात दोघी-दोघी मिळून घरं वाटून घेतली आहेत.