पान्याला पारखी झालेली गाडी

कर्जत म्हटले की मुंबई-पुण्याच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे माथेरानचा पायथा, धबधबे आणि स्टेशनावरचा बटाटेवडा उभा राहतो. ते कर्जत आमचे नव्हे. आमचे कर्जत नगर जिल्ह्यातले. (जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, पण जुन्या माणसाच्या तोंडून अजून 'नगर'च निघते.) गोदड महाराजांचे, रेहेकुरीच्या काळविटांचे आणि वर्षातले आठ महिने आभाळाकडे पाहणाऱ्या माणसांचे. हल्ली शहरातली मंडळी सुटीच्या दिवशी नव्याकोऱ्या जीपगाड्या मुद्दाम चिखलात घालायला सह्याद्रीकडे जातात म्हणे. आमच्याकडे चिखल दारापर्यंत चालत येतो. त्यात गाडी घालण्याची हौस कुणालाच नसते. ती घालावी लागते.

हे सारे आठवायला गेली दिवाळी कारण झाली. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पुण्याहून आमचे भाचेजावई सहकुटुंब आले. येताना नवी डिझेलगाडी घेऊन आले. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या त्या कंपनीचा नाही. गाडी म्हणजे राजवाडाच! चारही चाकांना ताकद देणारी, आत थंडगार, समोर शाळेच्या पाटीएवढा पडदा. मुले तीभोवती नाचली. सौभाग्यवतींनी गाडीला हळदकुंकू वाहिले. आमची वस्ती गावापासून सहा किलोमीटर आत. शेवटचे दोन किलोमीटर नुसती काळ्या मातीची पाणंद, आणि परतीच्या पावसाने तिचे पिठले करून ठेवलेले. ते पिठले गाडीने लीलया ओलांडले, हे कबूल करायला हवे. मात्र अंगणात आल्यावर पडद्यावर एक पिवळा दिवा लागला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना.

गावातून मिस्त्रींना बोलावले. चाळीस वर्षे या माणसाने तालुक्यातल्या जीपा, टेम्पो आणि ट्रॅक्टर जिवंत ठेवलेले आहेत. त्यांनी बॉनेट उघडले, काळ्या प्लास्टिकच्या झाकणाकडे बराच वेळ पाहिले आणि पाना परत पिशवीत टाकला. "पाव्हणं, गाडी झकास हाये. पण हिला माझा पाना ओळखू येईना. हिचा काँप्युटर लागंल." जावईबापूंनी कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाजात उत्तर आले, की भाऊबीजेनंतर माणूस येईल.

त्याच रात्री दोनच्या सुमारास सौभाग्यवतींचा दमा उसळला. पंपाने भागेना, ओठ निळसर दिसू लागले. अंगणात लाखो रुपयांची गाडी उभी, आणि ती जागची हलत नाही! शेवटी शेजारच्या वस्तीवरच्या दूधवाल्याला हाका मारल्या. त्याची लिलावात घेतलेली 1989 सालची महिंद्राची एम.एम. 540. दार नाही, हूड फाटका, सेल्फ बिघडलेला. चौघांनी धक्का दिला, जीप खोकली, धुराचा लोट निघाला आणि इंजिन लागले. छोटा दांडा ओढून त्याने पुढची चाके जोडली आणि अर्ध्या तासात आम्ही कर्जतला डॉक्टरांच्या दारात होतो. दारापाशी डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. आज त्या माझ्यासमोर बसून चिवड्याला फोडणी देत आहेत, म्हणून हे इतक्या स्वस्थपणे लिहिता येते.

आता त्या दूधवाल्याच्या जीपेत असे होते तरी काय? काहीच नव्हते, आणि हीच तर तिची थोरवी! डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी लागत नाही. दाबून तापलेल्या हवेत डिझेल उडाले की ते आपोआप पेटते. जुन्या इंजिनात तेल देणारा पंपही इंजिनाच्याच गतीवर चालणारा. बॅटरी मेलेली असली तरी उतारावर सोडून गिअर टाकला की काम भागते. नळीत हवा शिरली तर एक नट सैल करायचा, हातपंप दाबायचा, फेस जाऊन निखळ तेल आले की नट आवळायचा. हे बारा वर्षांचे पोर बघून शिकते. पाटा तुटला तर लोहाराकडे. पत्रा फाटला तर वेल्डिंगवाल्याकडे. तालुक्याबाहेर जाण्याची गरज क्वचितच.

ही जीप मूळची दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकन सैन्यासाठी सहा लाखांवर बनल्या त्या याच कसोटीवर, की आघाडीवरच्या शिपायाला ती तिथल्या तिथे दुरुस्त करता यावी. 1947 नंतर महिंद्रांनी ती मुंबईत जोडायला घेतली. तेव्हा ती पेट्रोल पीत असे. पुढे तिच्यात फ्रान्सच्या प्यूजोचे डिझेल इंजिन आले, आणि ट्रॅक्टरच्या घराण्यातलेही आले. तिची दुसरी बहीण ट्रॅक्स, मर्सिडीझच्या जातकुळीचे इंजिन घेऊन आलेली. ती काढणारी बजाज टेम्पो 1958 साली उभारली नवलमल फिरोदियांनी, म्हणजे आमच्या नगरच्याच माणसाने. (2005 पासून तिचे नाव फोर्स मोटर्स.) लष्कराच्या गाड्या तपासणारी केंद्र सरकारची मोठी संस्थाही नगरलाच आहे. तेव्हा खडबडीत गाडी कशाशी खातात हे आम्हाला शिकवू नये.

यावर शहरातले सुशिक्षित वाचक म्हणतील, गुरुजी, तुमच्या त्या जीपा धूर ओकतात. नऊजणांच्या गाडीत अठराजण कोंबून काळीपिवळीवाल्यांनी किती बळी घेतले! खरे आहे. मी त्याचे समर्थन करणार नाही. टपावर बसलेली माणसे वळणावर फेकली गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. धुराने फुप्फुसे नासतात हे तर दमेकऱ्याच्या नवऱ्याला सांगायलाच नको. 1 एप्रिल 2020 पासून भारत-सहाचे कडक नियम आले, ते योग्यच झाले. सरकारने 2023 पासून आपल्या पंधरा वर्षांवरच्या गाड्या मोडीत काढल्या, तेही समजू शकतो.

माझे भांडण धूर कमी करण्याशी नाहीच. भांडण आहे कुलपाशी. धूर गाळायला काजळीची जाळी बसवली, बसवा. पण ती जाळी तुंबली की वीस मिनिटे एका वेगाने हमरस्त्यावर गाडी पळवा, म्हणजे काजळी आतल्या आत जळेल, असे सांगतात. पाणंदीत दोन किलोमीटर आणि बाजारापर्यंत चार एवढाच जिचा प्रवास, तिने हमरस्ता आणावा कुठून? काही गाड्यांना युरियाचे पाणी लागते. कांद्याला युरिया मिळवताना आमच्या नाकी नऊ येतात, आता गाडीलाही तो हवा! आणि तो संपला तर थांबलेले इंजिन पुन्हा सुरू होऊ द्यायचे नाही, अशीच त्यांची रचना. एक वेळ हेही सोसू. पण बिघाड काय झाला हे ज्या यंत्राला कळते, ते यंत्र आणि त्याची विद्या कंपनीने आपल्याच दुकानात कोंडून का ठेवावी? गाडी आम्ही विकत घेतली, की वहिवाटीला घेतली?

हे माझे खेड्यातले खूळ नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली लोकांनी मतदान करून मोटारीच्या दुरुस्तीची माहिती कुठल्याही कारागिराला मिळालीच पाहिजे, असे ठरवून घेतले. कोलोराडोने 2023 साली शेतीयंत्रांसाठी तसा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही काढले, आणि त्यात मोटारी व शेतीची अवजारे दोन्ही घेतली. छान. पण कायद्याचा दात नसलेल्या संकेतस्थळाने आमच्या मिस्त्रींच्या हाती काय पडले? त्यांना हवे आहे परवडेल अशा किमतीचे तपासणीयंत्र, मराठीतले पुस्तक, आणि कंपनीची परवानगी न मागता बदलता येईल असा सुटा भाग.

आणखी एक मागणे आहे. कंपन्यांनी साधी गाडी बनवणे सोडू नये. 2010 साली थार आली तेव्हा तिची एक साधी डी.आय. आवृत्तीही मिळत असे. पुढे तीच थार शहरी हौसेची राणी झाली. नटव्या गाडीला माझा विरोध नाही. जावईबापूंनी जरूर घ्यावी. पण चिखल ज्याच्या पोटापाण्याचा आहे, त्याच्यासाठी पडदा नसलेली, पत्र्याची, स्वच्छ धुराची आणि उघड्या बॉनेटची एक गाडी निघू नये, एवढी काय यंत्रविद्या तोकडी पडली?

जावईबापूंची गाडी भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी ट्रकवर चढून पुण्याला गेली. पुढे बिल आले, त्यात 'सेन्सर बदलला' एवढाच मजकूर आणि खाली घसघशीत आकडा. परवा ते आले तेव्हा मिस्त्रींनी विचारले, "केवढा असतो वो ह्यो सेन्सर?"

जावईबापूंनी करंगळीचे एक पेर दाखवले.