कचेरीतील नवी वतनदारी



आपल्या धाराशिव जिल्ह्यात कारखाने थोडे आणि पावसाचा भरवसा त्याहून थोडा. म्हणून घरातील एखादा मुलगा वा मुलगी कारकून, तलाठी किंवा शिक्षक झाली की साऱ्या कुटुंबाचा भार त्या एका पगारावर येऊन पडतो. नेमणुकीचा हुकूम हाती येताच वडीलधारी मंडळी उपदेश करतात, "साहेबांना धरून राहा. कोणत्या तरी गटात शीर. एकट्याने नोकरी होत नसते." हा उपदेश मायेपोटी केला जातो, हे मी जाणतो. परंतु तो घातक आहे. आणि ज्या घराने धम्म स्वीकारला त्या घरात त्याला थारा मिळता कामा नये.

हे मी का म्हणतो? आज आपल्याच जिल्ह्यात असलेले कसबे तडवळे आठवा. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तेथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती. वतन म्हणजे काय होते? नाव सरकारी कामाचे. पण कामाला वेळेची मर्यादा नाही, मोबदल्याची हमी नाही आणि तक्रार ऐकणारा कोणी नाही. राबावे आम्ही आणि मर्जी पाटील-कुलकर्ण्यांची! ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. पुढे मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. कागदावरून वतन गेले. आमच्या मनातून गेले काय?

कचेरीतील गट म्हणजे दुसरे काय आहे? साहेबांच्या घरची कामे करा, सांगतील तेथे सही करा, त्यांच्या विरोधकाच्या चुगल्या आणा. मोबदल्यात ते तुमचा गोपनीय अहवाल सांभाळतील. काम अमर्याद आणि संरक्षण मर्जीवर! हे वतनच आहे. फरक एवढाच, की ते जन्माने गळ्यात पडत होते आणि हे आपण हौसेने गळ्यात घालून घेतो.

अशा मर्जीचे मोल काय असते ते पाहा. काही वर्षांपूर्वी एक कारकून माझ्याकडे आले. कोणत्या कचेरीतील ते सांगत नाही. वरिष्ठांनी त्यांना तोंडी सांगितले, "उद्यापासून ते टेबल तुम्ही सांभाळा." साहेब आपले, म्हणून त्यांनी लेखी आदेश मागितला नाही, कार्यभाराची यादी केली नाही. चार महिन्यांनी साहेबांची बदली झाली, दुसरा गट वर आला, आणि एक नोंदवही गहाळ असल्याचा ठपका ह्यांच्यावर बसला. वही आधीपासूनच नव्हती, असे ते मला शपथेवर सांगत होते. मी एकच विचारले, "कागद आहे काय?" ते खाली पाहू लागले. ज्या साहेबांना ते धरून होते, त्यांनी साक्षीलाही येण्याचे नाकारले.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा, मग तो 'चांगला' असला तरी, कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त प्रकरणात २००८ साली ठरविले. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या बदल्यांना २००५ चा अधिनियम आहे. पदावरील मुदत सामान्यतः ३ वर्षांची, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, आणि मध्येच बदली करावयाची तर कारणे लेखी नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. निलंबन करून ३ महिन्यांत दोषारोपपत्र न दिल्यास ते निलंबन पुढे लांबविता येत नाही, असा २०१५ चा निर्णय आहे. संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाप्रमाणे चौकशीत बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून, मोजके अपवाद सोडता, बडतर्फी होत नाही. हे हक्क कोणत्याही साहेबाच्या मर्जीतून आलेले नाहीत. परंतु ते कागदावाचून मुके आहेत.

बाबासाहेबांचे चरित्र पाहा. १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत होते, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून फायली फेकीत. त्या वेळी दाद मागण्यास ना कायदा होता, ना न्यायालय. १९५१ साली तेच बाबासाहेब केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले. समित्यांतून वगळले जाणे, अनुसूचित जातींची उपेक्षा, हिंदू कोड बिलाची वाताहत, अशी आपली कारणे त्यांनी निवेदनात एकामागून एक मांडली. सभागृहात ते वाचण्यात अडथळा आला, तेव्हा त्यांनी ते वृत्तपत्रांच्या हाती दिले. त्यांनी कोणाच्या दारी रदबदली केली नाही. लेखी नोंद ठेवली. म्हणून आज तो इतिहास आपल्याला वाचता येतो.

दोन कटू गोष्टी आपल्याच माणसांना सांगणे भाग आहे. पहिली ही, की प्रत्येक टेबलाच्या भांडणाला जातीचा रंग देऊ नका. चारचौघांत जातीवरून कोणी हेतुपुरस्सर अपमान केला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तेथे क्षणभरही कचरू नका. परंतु नियमाचे भांडण नियमानेच लढा, म्हणजे खऱ्या तक्रारीचे वजन घटणार नाही. दुसरी ही, की आपलाच एखादा बंधू अधिकारी झाला आणि हाताखालच्या शिपायाला, सफाई कामगाराला घरी राबवू लागला, तर तो नवा पाटीलच होय. त्याच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर असल्याने त्यात काही फरक पडत नाही.

तेव्हा मातांनो, पित्यांनो, मुलगा वा मुलगी नोकरीवर रुजू होईल त्या दिवशी साहेबांचा गट शोधून देऊ नका. एक वही घेऊन द्या. तोंडी आदेश मिळाला की त्याच दिवशी अर्ज करून तो लेखी मागावा, कार्यभार यादीवाचून घेऊ नये, प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि तारखेसह सारे त्या वहीत टिपावे, असे सांगा. आपल्या वाडवडिलांना अक्षराची बंदी होती, म्हणून त्यांना दुसऱ्याच्या मर्जीवर जगावे लागले. आपल्या हाती अक्षर आहे. तरीही आपण मर्जीच मागत राहिलो, तर दोष कोणाला द्यावयाचा?