निषेध कुणी करायचा, कुणाच्या सांगण्यावरून?



२०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या गटाच्या मासिक बैठकीत जे घडलं, ते लिहायला मला बराच काळ धीर झाला नाही. चूक दुसऱ्या कुणाची असती तर लगेच लिहिलं असतं. ती माझी होती, म्हणून वेळ लागला.

कुर्ल्यातल्या एका वस्तीत आमचा बायकांचा गट गेली कित्येक वर्षं चालू आहे. रेशन, पाणी, दारू, मारहाण, पोटगी हे आमचे नेहमीचे विषय. २२ एप्रिलला पहलगामजवळ बैसरणच्या कुरणावर २६ माणसं मारली गेली. धर्म विचारून गोळ्या घातल्या, हे त्यातून वाचलेल्या बायकांनीच सांगितलं. महाराष्ट्रातले सहा जण गेले. डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन आणि पनवेलचे एक. बैठकीला आलेल्या सगळ्याजणी टीव्ही बघून बघून थकलेल्या होत्या. दोन मिनिटं आम्ही स्तब्ध उभ्या राहिलो. खाली बसता बसता एकजण म्हणाली, "आपा, तुम्ही लोक काहीच कसं बोलत नाही?"

आपा पहिल्या दिवसापासून आमच्या गटात आहेत. मूळच्या रत्नागिरीकडच्या. माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. स्टोव्हच्या भडक्यात "अपघाताने" जळालेल्या सुनेच्या केसमध्ये पोलीस चौकीत रात्रभर बसून तक्रार नोंदवून घेणारी बाई ती हीच. त्या पुन्हा उठून उभ्या राहिल्या. शाळेतली मुलगी प्रतिज्ञा म्हणते तशा हात खाली सोडून म्हणाल्या, "मी या हल्ल्याचा निषेध करते. माझं माझ्या देशावर प्रेम आहे." आणि बसल्या.

बैठक मी चालवत होते. मी म्हटलं, "बरं, आता रेशनकार्डाचा विषय घेऊ."

आपल्या गटात जातपात, धर्म नाही असं मी शिबिरांतून इतकी वर्षं सांगत आले. त्या दिवशी एका बाईला आमच्या सगळ्यांदेखत देशभक्तीची परीक्षा द्यावी लागली आणि मी पर्यवेक्षकासारखी बघत बसले. आम्हा बाकीच्या चौदाजणींना कुणी निषेध करायला सांगितलं नव्हतं. आमचा निषेध गृहीत होता, त्यांचा नव्हता. एवढ्या एका फरकात सगळं आलं.

ही परीक्षा मी पहिल्यांदा पाहिली ती १९९३ मध्ये. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत ९०० माणसं मेली. हा आकडा श्रीकृष्ण आयोगाचा. आम्ही राहत छावण्यांत दूध आणि चादरी पोचवत होतो. मग १२ मार्च आला. मी तेव्हा फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. दुपारी दीडच्या सुमाराला शेअर बाजारात स्फोट झाला, आमच्या खिडकीची तावदानं फुटली. पाठोपाठ एअर इंडियाची इमारत, सेंचुरी बाजार, प्लाझा, झवेरी बाजार. २५७ माणसं गेली. त्या दिवशी मी चालत घरी गेले. रस्त्यावर जे पाहिलं ते अजून कधीकधी स्वप्नात येतं. त्यामुळे दहशतवादाचा राग मला कुणी शिकवायला नको. पण त्या संध्याकाळपासून छावणीतल्या बायकांकडे बघायची शहराची नजर बदलली. कालपर्यंत त्या दंगलग्रस्त होत्या, आज संशयित झाल्या.

पुढे टाडाखाली अटका सुरू झाल्या. एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा धरत नाहीत. टाडाने तो पुरावा धरला, आणि जामीन जवळजवळ अशक्य करून टाकला. घरातला पुरुष उचलून नेला की त्याची आई आणि बायको डबा घेऊन चौकी ते कोर्ट फिरत राहायच्या. टाडाविरुद्ध पत्रक काढायचं का यावर आमच्याकडे तीन बैठका झाल्या. "आत्ता नको, लोक चिडलेत," असं ठरलं. तो कायदा १९९५ मध्ये मुदत संपून संपुष्टात येईपर्यंत आमचं "आत्ता" काही आलं नाही. पुढे मोक्का आला, पोटा येऊन गेला, यूएपीए दर काही वर्षांनी कडक होत गेला. प्रत्येक कायद्याच्या वेळी तेच वाक्य मी ऐकलंय: ही वेळ प्रश्न विचारायची नाही.

मग ती वेळ कधी असते? ११ जुलै २००६ चं उदाहरण घ्या. संध्याकाळी घरी परतणाऱ्यांच्या गर्दीत, अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८० हून जास्त माणसं मेली. २०१५ मध्ये विशेष कोर्टाने बाराजणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाचजणांना फाशी सुनावली. लोकांना वाटलं, न्याय झाला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. सरकारपक्षाला गुन्हा सिद्ध करण्यात पूर्ण अपयश आलं, असं कोर्टाने म्हटलं. बारांपैकी एकजण हा निकाल ऐकायला जिवंतच नव्हता. सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुटलेल्यांनी तुरुंगात परत जायची गरज नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असं तिथे ठरलं.

आता दोन बायकांचा विचार करा. एकीचा मुलगा त्या लोकलमधून घरी आलाच नाही. दुसरीचा मुलगा एकोणीस वर्षं तुरुंगात राहिला. पहिलीला अजून माहीत नाही की बॉम्ब कुणी ठेवले. दुसरीला तिच्या मुलाची एकोणीस वर्षं कुणी परत देणार नाही. पुरावे तपासा, कबुलीजबाब कसे घेतले ते विचारा, असं त्या वेळी म्हणणाऱ्यांना देशद्रोही म्हटलं गेलं. त्यांचं ऐकलं असतं तर खऱ्या गुन्हेगारांचा शोध तेव्हाच घेता आला असता. म्हणजे ते प्रश्न पहिलीच्या बाजूचेही होते.

मालेगावचंही हेच. सप्टेंबर २००६ च्या स्फोटांसाठी पकडलेले नऊ मुसलमान तरुण २०१६ मध्ये कोर्टाने आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात सहाजण मेले. त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. मुंबईचा निकाल आणि मालेगावचा निकाल यांत दहा दिवसांचं अंतर. पहिल्या निकालाने संतापलेले कितीतरी लोक दुसऱ्या निकालानंतर पेढे वाटत होते. आणि खरं सांगायचं तर पहिल्या निकालाने सुखावलेले आमच्यातले काहीजण दुसऱ्याने संतापले. मेलेल्यांच्या घरच्यांना मात्र दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं: कुणी केलं ते ठाऊक नाही.

या सगळ्यात बाईची जागा कुठली? देशभक्तीच्या चित्रात बाई असतेच. वीरमाता, वीरपत्नी, ओवाळणारी बहीण. ती रडते तोवर तिचा फोटो छापतात. तिने तोंड उघडलं की अडचण होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जण मारले गेले. अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी आपला नवरा त्या रात्री कसा मेला, मदत वेळेवर का आली नाही, हे समजून घ्यायला माहितीच्या अधिकाराखाली पोलिसांच्या नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागवल्या आणि त्यावर पुस्तक लिहिलं. कविता करकरे यांनीही नवऱ्याच्या मृत्यूबद्दल जाहीरपणे प्रश्न विचारले. या बायकांना कुणी देशप्रेम शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. तरीसुद्धा त्यांचे प्रश्न अनेकांना टोचले.

पहलगामनंतर नौदलातल्या एका तरुण अधिकाऱ्याच्या पत्नीने, लग्नाला आठवडाही झालेला नसताना विधवा झालेल्या मुलीने, सांगितलं की लोकांनी मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नये, आम्हाला शांतता हवी आहे, आणि न्यायही हवा आहे. आदल्या आठवड्यात तिच्या फोटोपुढे रडणाऱ्या लोकांनी तिच्यावर इतकी घाण ओकली की राष्ट्रीय महिला आयोगाला निवेदन काढावं लागलं.

मे महिन्यात सैन्याने कारवाई केली. तिला सिंदूर हे नाव दिलं. आमच्या गटात हे नाव ऐकून पुष्कळजणींना बरं वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. ते मी नाकारणार नाही. पण आपण त्याच कुंकवावरून किती भांडलोय! २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. बाईची किंमत नवऱ्याच्या असण्यावर ठरू नये, हा आपला मुद्दा. पहलगामला कुणाचा बाप गेला, कुणाचा मुलगा गेला. पर्यटकांना वाचवू पाहणारा तिथला एक मुसलमान घोडेवाला गेला. हे सगळं दुःख एका चिमूटभर कुंकवात मावत नाही. हे म्हणणं सैनिकांचा अपमान नाही. तसं ते मोठ्याने म्हणता आलं पाहिजे.

आणि मोठ्याने बोलण्याची किंमत काय? त्याच मे महिन्यात पुण्यात शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने या कारवाईवर टीका करणारा दुसऱ्या कुणाचा मजकूर इन्स्टाग्रामवर पुढे टाकला. थोड्याच वेळात तो काढून माफीही मागितली. तरी तिला अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं. परीक्षेच्या दिवसांत ती तुरुंगात होती. उच्च न्यायालयाने सरकारला झापलं, तिला सोडवलं आणि पेपर लिहू दिले. तिचा मजकूर मला पटतो का, हा प्रश्नच नाही. मला तो पटत नाही. पण चुकीचं बोललेल्या मुलीला आपण समजावतो, तिच्याशी भांडतो. तिला तुरुंगात टाकून कुठला देश सुरक्षित होतो?

हे आपल्याच देशात होतं असं नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरायची मोकळीक देणारा ठराव आला. प्रतिनिधीगृहात ४२० मतं बाजूने पडली, विरोधात एकच, बार्बरा ली यांचं. त्यांना ठार मारायच्या धमक्या आल्या. त्याच ठरावाच्या आधाराने पुढे वीस वर्षं कितीतरी देशांत कारवाया झाल्या, तेव्हा लोकांना त्या एका मताची आठवण झाली.

आता आपल्या बाजूची चूकही सांगते, नाहीतर हे लिखाण खोटं होईल. बाई म्हणजे शांतता असं काही नाही. जानेवारी १९९३ मध्ये जमावात बायकाही होत्या, हे आपण पाहिलंय. आणि आपली पत्रकं? हल्ल्यानंतर आपण पहिल्या वाक्यात निषेध उरकतो आणि दुसऱ्या वाक्यात राज्यसंस्थेवर येतो. मेलेल्या माणसासाठी आपण पुरेसं थांबत नाही. डोंबिवलीतल्या त्या घरांत आपल्यापैकी किती गट भेटायला गेले? आमचा गेला नाही. ज्या दुःखापाशी आपण बसत नाही, ते दुःख दुसरे येऊन उचलतात आणि त्याचा झेंडा करतात. मग आपण तक्रार करतो.

आपांना मी पंधरा दिवसांनी घरी जाऊन भेटले. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू माफी इथे स्वयंपाकघरात मागतेस. मला तर सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं होतं." बरोबर होतं त्यांचं. पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर मागितली. जिने तो प्रश्न विचारला होता ती आधी चिडली, मग रडली. तिचा भाचा जम्मूकडे फौजेत आहे. दहा दिवस त्याचा फोन लागत नव्हता. ती म्हणाली, "मला भीती वाटत होती, आणि समोर आपा दिसल्या." तिची भीती खरी होती. ती आपांच्या अंगावर फेकायला नको होती, एवढंच.

त्या दिवशी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. शोकसभा घ्यायची तर मेलेल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, घोडेवाल्याचंही. कुणा एकीकडून निषेध मागायचा नाही, करायचा तर सगळ्यांनी मिळून. आणि सुरक्षेत चूक कुणाची झाली, नुकसानभरपाई पोचली का, निरपराध कुणी पकडला गेला का, हे प्रश्न लेखी विचारायचे, वातावरण निवळायची वाट न बघता. दोघीजणींना तिसरी गोष्ट पटली नाही. त्यातली एक आता येत नाही. तिच्या घरी जायचं राहिलंय.

जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. एखादी संघटना बेकायदा ठरवायचा अधिकार त्याने सरकारला दिला. कडव्या डाव्या चळवळींसाठी ते आहे, असं सांगण्यात आलं. टाडाही सगळ्यांसाठी नव्हता. पुढच्या हल्ल्यानंतर, आणि तो न होवो, परीक्षा द्यायला उभं राहायची पाळी आपांवरच येईल असं नाही. तुमच्या-माझ्यावरही येईल. तेव्हा आपल्या शेजारी कोण उभं असेल, हे आजच्या बैठकांत ठरतंय.

तुमच्या गटात त्या दिवसांत काय झालं? कुणाला उभं राहावं लागलं? कोण बोललं, कोण गप्प बसलं? लिहून पाठवा. झालेल्या चुकाही लिहा.